लोहाराची सांडशी

लोहार काही पुस्तक सोडेना. भट्टीसमोर उकिडवा बसून त्याने ते मांडीखाली दाबून धरलं होतं आणि वहिनी त्याच्या पुढ्यात हटून उभी होती. गावात तिला सगळे वहिनीच म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. कोरडा वारा शेतातली माती उडवून तोंडावर मारत होता, तरी शेताकडे निघालेली माणसं भांडण ऐकायला थांबली होती.

"वहिनी, खुनी आत्ता कुठे सापडायला आलाय. उद्या आणून देतो की."

"उद्या साहेब तपासणीला येतायत. कपाटात भगदाडं दिसली तर वाचनालयच बंद करतील. मग बसा खुनी शोधत."

लोहाराने तोंड पाडून पुस्तक दिलं. वहिनीने ते टोपलीत टाकलं आणि पुढच्या घराकडे वळली.

वाचनालय म्हणजे पिठाच्या गिरणीशेजारची एक खोली. सरकारचं अनुदान यायचं म्हणून खोलीचं भाडं निघायचं, चार नवी पुस्तकं यायची आणि वहिनीची चूल पेटायची. आता वरून फर्मान सुटलं होतं, खर्च आवरा, चालत नसतील ती वाचनालयं मोडीत काढा. नवरा गेल्यापासून वहिनीला सासऱ्याने उभी केलेली ती खोलीच काय ती उरली होती. रोज सकाळी तिचं दार उघडलं की आपलं अजून कुणीतरी आहे असं तिला वाटायचं.

सासरा मोठा तऱ्हेवाईक. त्याच्या काळात निम्म्या गावाला सही येत नव्हती, पोरं वाचायची आणि थोरं ऐकायची. म्हणून त्याने नोंदवहीची भानगडच ठेवली नाही. पुस्तक न्यायचं तर कपाटात त्याच्या जागी आपली एक वस्तू खूण म्हणून ठेवायची, आणि तीही जिच्यावाचून आपलं अडेल अशी. तेवढ्या धाकाने पुस्तक वेळेत परत येतं. तोवर त्या खुणेला कुणी हात लावायचा नाही, अगदी मालकानेसुद्धा. मग कुठे मेंढपाळाची घंटा असायची, कुठे सुईणीची कात्री. लोहाराची चांगली सांडशी तर सदा कपाटातच, आणि तो आपला ढिल्या सांडशीने तापलेलं लोखंड ओढत शिव्या घालायचा.

वहिनीने दारोदार फिरून सगळी पुस्तकं गोळा केली. खुणा एका पोत्यात भरून पोतं गिरणीच्या मागे टाकलं. साहेबाला असला पसारा दाखवायचा नाही! कपाटं पुसली, पुस्तकं उंचीप्रमाणे लावली. एकही जागा रिकामी नव्हती. तिला स्वतःचाच अभिमान वाटला.

साहेब आला, त्याने कपाटं पाहिली आणि नोंदवही मागितली. ती नाही म्हटल्यावर त्याने कपाटांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली.

"बाई, पुस्तकं सगळी जागेवर आहेत," तो म्हणाला. "म्हणजे वाचायला नेत कुणीच नाही."

वहिनी धावत मागे गेली, पोतं ओढत आणलं आणि टेबलावर पालथं केलं. घंटा, कात्री, सांडशी, सगळं खणखणत पडलं. कोणती वस्तू कुणाची ते ती रडत रडत सांगत सुटली. गिरणीतली माणसं जमली आणि तीही साक्ष द्यायला लागली. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने घंटा उचलून पाहिली आणि हळूच खाली ठेवली.

"माझा विश्वास बसतोय हो. पण हे भंगार कागदावर काय म्हणून दाखवू?"

तो गेला तसा गावाने टेबलाला गराडा घातला. आपली वस्तू घेऊन घरी जायचं कुणाच्या मनातही आलं नाही. ज्याने त्याने आपलं पुस्तक काढलं आणि त्या जागी आपली खूण पुन्हा ठेवली. वहिनी नुसती बघत बसली. ही अशी कपाटं साहेबाला दाखवायला हवी होती, हे तिला आतून कुरतडत होतं.

पुढे कचेरीतला शिपाई कुलूप घेऊन आला. वहिनीने हातापाया पडून पाहिलं, निदान लोकांच्या वस्तू तरी काढू द्या म्हणाली. आत आहे ते सगळं आता सरकारजमा, असं सांगून त्याने कुलूप ठोकलं. पुस्तकं गावात राहिली आणि गावाच्या वस्तू आत अडकल्या.

मग एका संध्याकाळी लोहार वहिनीच्या दारात आला.

"झालं वाचून. खुनी सापडला. आता हे ठेवू कुठे?"

वहिनीने ते स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं. तिथे सुईणीने परत केलेलं एक पुस्तक आधीच होतं. लोहाराची खूण परत द्यायला हवी होती, ती कुठून देणार? तिने चुलीजवळची आपली सांडशी त्याच्या हातात दिली.

"हिने लोखंड धरता येणार नाही," ती म्हणाली. "पण माझ्याकडे दुसरं काही नाही."

लोहाराने ती सांडशी उलटसुलट पाहिली. मग सुईणीचं पुस्तक काढून काखेत मारलं, त्या जागी सांडशी ठेवली आणि निघून गेला.

वहिनीला हसू यायला हवं होतं, आलं रडू. चुलीवरचं पातेलं उतू जायला लागलं, तसा तिचा हात सवयीने फळीकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने फडकं घेऊन पातेलं उतरवलं. फडकं पातळ होतं, बोटं चांगलीच पोळली. सांडशीला मात्र तिने हात लावला नाही.