कडब्याखालचं पाणी

मन्मथप्पाने शेवटची पेंढी गंजीवर फेकली आणि चहूबाजूंनी फिरून पाहिले. विहीर आता कुठूनच दिसत नव्हती. तोंडावर बाभळीचे ओंडके, त्यांवर कडबा. मोट आणि चाक त्याने घरी दडवले होते. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून ये-जा करत, ती धावही नांगरून टाकली होती.

"अवो, एवढं काहून?" नीलम्माने विचारले. "पाणी लपतंय व्हय?"

"लपवावंच लागतंय. विहिरीच्या रानाला सारा तिप्पट हाय. आज रानं तपासाया येणाऱ्या गिरदावरानं बघितली, की जल्मभर तेच कागदावर."

दिंद्रुडच्या पेठेत कापड विकून त्याचे केस पिकले. हे रान त्याने नीलम्माच्या पाटल्या मोडून अर्जुनरावाकडून घेतले, ते या गोड्या पाण्यावर पानमळा लावायला. सोबत बैलजोडीही आली. "यास्नी कायबी शिकवायचं काम न्हाई, अप्पा," अर्जुनराव म्हणाला होता, आणि सौदा चांगलाच जमला म्हणून मन्मथप्पा मनात खूश झाला होता. तेवढ्यात निजाम सरकारची नवी जमाबंदी निघाली आणि त्याची झोप उडाली. दुष्काळात विहीर आटेल, सारा थोडाच आटणार होता!

गिरदावर घोड्यावरून उतरला तेव्हा मन्मथप्पा हात जोडून पुढे झाला. साहेबाने बांधाबांधाने रान पाहिले आणि लिंबाखाली बसून पाणी मागितले.

"गावातनं आणतो, सायब. इथं कुठलं पाणी?"

नीलम्माने मान खाली घालून गावातून भरून आणलेली घागर पुढे केली. साहेबाने एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

"लई मचूळ हाय."

मग त्याने दप्तर उघडले. इथे मन्मथप्पाने गप्प बसायला हवे होते. पण गिऱ्हाईक पटले तरी आणखी एक थान उलगडून दाखवायची त्याची जन्माची खोड.

"मुंजाजी," त्याने सालगड्याला हाक मारली, "औत जुप. सायबांला दाव आपलं कोरडवाहू रान."

"मालक, नगं..." मुंजाजी पुटपुटला.

मन्मथप्पाने डोळे वटारले. मुंजाजी बिचारा काय करणार? त्याने बैलांच्या मानेवर जू ठेवले आणि तो औत आणायला वळला. बैल थांबलेच नाहीत. ते सरळ कडब्याच्या गंजीकडे गेले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. मग मोट ओढावी तसे नांगरलेल्या उतारावरून सावकाश खाली गेले, ठरल्या जागी थांबले आणि कोणी न सांगता उलट्या पावलांनी, न चुकता, परत गंजीपाशी आले.

गिरदावराने दप्तरावरून मान वर केली.

"अप्पा, तुमचे बैल उलटे चालतात," गिरदावर म्हणाला.

"ख... खोड हाय, सायब. जुनी."

"असंल, असंल." साहेबाने टाक दौतीत बुडवला. "तुमी म्हणता तर कोरडवाहूच लिहितो. पण त्या गंजीखाली खड्डा हाय वाटतं. जनावर पडायचं एखादं. उद्या माणसं धाडतो, दगडांनी बुजवून टाकतील. तुमाला काही तोशीस न्हाई." त्याने वर पाहिले. "लिहू?"

मन्मथप्पाने नीलम्माकडे पाहिले. ती एका हाताने दुसऱ्या हाताचे मोकळे मनगट चोळत होती. त्याला उद्याचे दगड आत्ताच पाण्यात पडल्याचा आवाज ऐकू आला.

तो उठला. गंजीपाशी जाऊन त्याने एक पेंढी ओढली, मग दुसरी. बैल बाजूला सरले नाहीत, तिथेच उभे राहून त्याच्याकडे बघत होते.

"सायब," मागे न वळता तो म्हणाला, "आधी पाणी प्या. मग काय लिहायचं ते लिहा."

नीलम्माने घागरीतले मचूळ पाणी लिंबाच्या बुंध्याशी ओतले आणि रिकामी घागर घेऊन ती गंजीकडे निघाली.