कोकुराच्या कोंड्याची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. गळा तपकिरी, पोट पांढरं आणि काठाचा एक टवका उडालेला. भट्टीतून निघाले ती थेट रत्नागिरीला, मैमुनाबींच्या घरी. आंब्याचं लोणचं भरून त्या माझ्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधत. कुणी बोट घातलं की हातावर फटका! त्यांचा मुलगा रफिक तिकडे जबल अली बंदरात नोकरीला लागला, तेव्हा मीही त्यांच्या साड्यांत गुंडाळून दुबईला आले. पुढे घरात लोणच्याच्या तयार बाटल्या आल्या आणि माझी रवानगी सिंकखाली झाली. माझ्या पोटात कांदे भरले हो, कांदे!

मग सून हाफिजा रफिकच्या कंपनीच्या सहलीत जपानला गेली. बाकीचे सुशीचे फोटो काढत बसले. ही मात्र वासामागे कोकुरा शहराच्या बाजारात शिरली. तिथे एक म्हातारी तांदळाच्या आंबवलेल्या कोंड्यात बांगडा शिजवत होती. यात दारू नाही ना, हे हाफिजाने आधी फोनवर भाषांतर करून म्हातारीला विचारून घेतलं. मग घास घेऊन ओरडलीच, "या अल्ला, हा तर आपला बांगडा!"

तो कोंडा म्हातारीच्या आजीपासून जिवंत ठेवलेला होता. पुढे सांभाळायला तिला कुणी नव्हतं. तिने मूठभर कोंडा हाफिजाला दिला आणि सांगितलं, यात रोज हात घाल, नाहीतर मरेल. हाफिजाने शब्द दिला. ती दुबईला परतली, माझ्यातले कांदे निघाले, कोंडा आला आणि मला पुन्हा मान आला.

पण बहिणीच्या लग्नाला गावी जाताना हाफिजा घाईत एवढंच म्हणाली, "अम्मी, बरणी सांभाळा हं."

मैमुनाबींनी सांभाळली की! घट्ट दादरा बांधला. नात हिबा म्हणाली, "दादी, मम्मा पुट्स हर हँड इन इट!"

"बरणीत हात? खुळी की काय!"

आतल्या आत माझा जीव गुदमरला, पण बरणीला कुठे बोलता येतं?

हाफिजा परतली तेव्हा वर काळी बुरशी आणि घरभर आंबूस वास. रफिक नाक दाबून म्हणाला, "खलास. फेकून दे."

"फेकू? मी शब्द दिलाय. मरू देणार नाही!"

तिने वरचं सगळं खरवडून काढलं. तळाशी थोडा पिवळा कोंडा उरला होता. रास अल खोरच्या बाजारातून ताजा कोंडा आणून तिने मीठ घातलं आणि रोज कोपरापर्यंत हात घालून ढवळत राहिली. मैमुनाबी कोपऱ्यात डोळे पुसत. "माझ्यामुळे झालं गो."

"नाही अम्मी. सांगायला मीच विसरले."

रमजानच्या आधी एके दिवशी वास गोड झाला. हाफिजाने बांगडा शिजवला. मैमुनाबींनी काटे चोखून खाल्ला. मग उठल्या, बांगड्या काढल्या, बाही वर सारली आणि बिस्मिल्ला म्हणून माझ्या पोटात हात घातला. आयुष्यभर ज्या हाताने दुसऱ्यांना फटके दिले, तोच हात!

मित्रांनो, कुणाची जिवंत ठेव घरी आणलीत, तर तिला काय हवं ते आधी विचारा. मला नुसतं झाकून ठेवू नका. हात घाला.