पितळेची शालू

घाटावरून आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना वंदनाला शालूच्या मानेवर, केसांच्या मुळाशी, एक बारीक भोक दिसलं. मसुराच्या दाण्याएवढं. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि चटका बसताच मागे घेतलं. भोकातून फिस्स करून वाफ आली आणि पाच वर्षांची शालू म्हणाली, "ताई, पाणी."

तीन दिवसांत तिनं दुसरं काही मागितलंच नव्हतं. तांब्या तिला पुरत नव्हता, अख्खी कळशी लागायची. भाकरी हातात धरून ती नुसती बसून राही आणि कुणाचं लक्ष नसलं की चुलीतला निखारा उचलून तोंडात टाकी. कुशीत घेतली की अंग गरम लागे आणि छातीतून टिकटिक ऐकू येई. रडणं तर पार थांबलं होतं. खरी शालू दिवसातून चार वेळा रडायची.

"आई," वंदना चुलीजवळ येऊन हळूच म्हणाली, "ही आपली शालू न्हाई."

पुष्पाबाईचा पिठातला हात थांबला. नवरा ट्रक घेऊन गुजरातकडे गेलेला, घरात या तिघीच.

"ताप हाये तिला. डॉक्टरनं बाटली दिली ना?"

"तापानं कुणी निखारे खातं का?"

"पुन्हा असं बोलू नको," पुष्पाबाई वर न बघता म्हणाली. "लेकरू ऐकून राह्यलं."

वंदना बारा वर्षांची होती. आईनं ऐकलं नाही तर कुणाकडे जायचं? तिला एवढंच सुचलं की जे गरम होतं, टिकटिकतं आणि पाणी पितं, ते अतिकचाचा दुरुस्त करतात. शाळेच्या नावानं ती शालूचा हात धरून निघाली. शहागडच्या हायवेवर, पुलाच्या अलीकडे त्यांचं गॅरेज होतं.

"काय गं, शाळा सोडून इंजिन शिकायला आली का?" अतिकचाचा जॅकखालून म्हणाले. "बराबर केलं. अक्कल न्हाई आली तरी हात तर काळे होतील."

वंदना हसली नाही. तिनं शालूची वेणी बाजूला केली.

चाचांनी हात पुसले. लांब पेचकस घेतला, त्याचं टोक शालूच्या पाठीवर टेकवलं आणि मूठ स्वतःच्या कानाला लावली. ट्रकच्या इंजिनातला बिघाड ते असाच ऐकत. पेचकस सरकवून पुन्हा ऐकलं.

"बॉयलर हाये बेटा," शेवटी म्हणाले. "छोटासा. पितळेचा. इतका साफ चालून राह्यला की मला माझ्या कामाची शरम वाटावी." त्यांनी पेचकस खाली ठेवला. "माझे दादाजी सांगायचे, निजामाच्या वक्ताला नदीच्या घाटावर वाफेचा पंप होता. पुरात डोहात गेला. पाण्यातल्या साती आसरांनी खोलून पाहिला म्हणे, अन्‌ मंग त्यांना नादच लागला. पण त्या उगाच कुणाचं लेकरू बदलत न्हाईत. तुम्ही काय केलं?"

"काही न्हाई. दिवाळीनंतर आसरांना शेंदूर लावतात तसा लावला. आईनं मलाच पाठवलं होतं."

"शेंदूरच लावला?"

घाटाखालच्या सात दगडांना दरवर्षी तेलात कालवलेला शेंदूर लागतो. या वर्षी पुडी अर्धीच निघाली. दोन दगडांतच संपली. शालू सोबत होती, ऊन चढलं होतं, आणि घरी उंबऱ्याच्या पत्र्याला लावायला चाचांकडूनच आणलेला डबा पडला होता.

"तुमचा रेड ऑक्साइड लावला," ती म्हणाली. "मंग सगळे एकसारखे दिसावे म्हणून पहिल्या दोघींवरही तोच फिरवला. रंग तर तोच असतो."

अतिकचाचा खाली बसले. "वेडे, तो लोखंडाला लावतात. गंजू नये म्हणून. आसरांना वाटलं असंल, आता या लोकांना लोखंडाचीच माया हाये." ते तसेच ताडकन उठले. "काढावा लागंल तो. आन्‌ जल्दी. पाणी अडवायला सकाळीच बंधाऱ्याची दारं टाकलीत. दुपारपर्यंत दगड पाण्याखाली जातील. ते मंग उन्हाळ्यातच वर येतील."

"तोवर शालू?"

चाचांनी डिझेलचा कॅन, चिंध्या आणि दोन तारेचे ब्रश घेतले.

घाटावर पोचले तेव्हा सातवा दगड कमरेएवढ्या पाण्यात होता. पाणी चढताना दिसत नव्हतं, पण चढत होतं. ओल्या पायरीकडे बघून नजर वळवली की पुढची पायरी ओली झालेली असे. दोघं घासायला बसले. पितळेची शालू वरच्या पायरीवर मांडी घालून बघत राहिली.

पहिला दगड साफ झाला तशी पाण्यातून वाफेची शेंडी निघाली. दुसऱ्यानंतर धडधड ऐकू यायला लागली, खूप खोल, कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यात असते तशी. वंदनाची बोटं सोलली होती. डिझेल जखमांत झोंबत होतं. चौथा झाला, पाचवा झाला. सहावा झाला तेव्हा पाणी तिच्या छातीला लागलं होतं आणि चाचा ओरडत होते की पुढं जाऊ नको.

ती गेली. नाक दाबून खाली बसली आणि आंधळेपणानं सातव्या दगडावर ब्रश फिरवू लागली. श्वास संपला की वर, मग पुन्हा खाली. तिसऱ्या वेळी तिला पाण्याखाली उजेड दिसला. पितळेची चाकं एकात एक फिरत होती, नळ्यांतून धुकं पळत होतं, आणि हिरव्या लुगड्यांच्या सात बाया कमरेला नटबोल्ट आवळायचे पाने खोचून तिच्याकडे बघत उभ्या होत्या. त्यांच्यामागे, एका मोठ्या भात्याच्या दांड्याला धरून, शालू. खरी. रडून डोळे सुजलेली.

वंदना वर आली. सातही जणी पाण्यावर कमरेपर्यंत आल्या होत्या.

"पुसलंस एकदाचं," थोरली म्हणाली. "तोंड आवळून गेल्तं आमचं."

"चुकलं माझं. बहीण द्या."

"आम्ही वाईट केलं का? तुमचं लेकरू रडतं, पडतं, आजारी पडतं. आमचं बघ. शंभर वर्षं चालंल."

"मला तीच पाह्यजे."

"शेंदूर लावायला येती त्या आईवर गेली हाये हट्टाला," धाकटी हसली.

थोरलीनं पायऱ्यांकडे बोट केलं. "मंग आमची वस्तू आमच्याकडं दे. पाणी तुझ्या डोक्यावरून जायच्या आत. ती खाली आली की तिच्या जागी तुमचं लेकरू वर येईल. एकाला एक."

वंदना मागे वळली. पितळेची शालू उभी राहिली होती.

"पाण्यात माझी आग विझंल, ताई," ती म्हणाली. तिच्या तोंडून "पाणी" सोडून निघालेलं हे पहिलंच वाक्य.

मागून तिला खरी शालू हाक मारत होती. आवाज बुडबुड्यांतून आल्यासारखा, तुटक. पाणी हनुवटीला लागलं.

"चाचा, दुसरा उपाय न्हाई का? झाकण वगैरे? काहीतरी लावा ना."

अतिकचाचांनी चिंधी दोन्ही हातांत पिळली. "मला जमण्यातलं काम न्हाई हे, बेटा."

वंदनानं हात पुढे केला. तो बोलावण्यासाठी होता की सावरण्यासाठी, ते तिलाही कळलं नाही. पितळेची शालू पायरी पायरी उतरत आली. पाणी लागेल तिथं चर्र होत होतं. तिनं वंदनाचा हात धरला; तो आधी भाजला, मग कोमट झाला. "आईनं माझ्या कपाळावर पट्टी ठेवली व्हती," ती म्हणाली. "मला ताप नव्हता तरी."

मग हात थंड पडला आणि जड होऊन सुटला. त्याच जागी पाच छोटी, मऊ, सुरकुतलेली बोटं आली. वंदनानं ती ओढली. चाचांनी दोघींना धरून वर घेतलं. शालू खोकली, पाणी ओकली आणि घाट दणाणून जाईल अशी रडली.

दुपारी घरी पोचल्या तेव्हा पुष्पाबाई दारातच होती. शाळेतून निरोप आला होता. रडणाऱ्या शालूला बघताच तिनं झेप घेतली, छातीशी धरलं, तिचं डोकं हुंगलं, मान चाचपली. कितीतरी वेळ ती तिला तशीच घट्ट धरून होती.

मग तिनं मान वर केली. वंदनाच्या मागे, रिकाम्या रस्त्याकडे बघितलं.

"अन्‌ ती?" तिनं विचारलं. "तिला कुठं ठेवून आलीस?"