आईची कुरकुर

आईची शोकसभा दूध संघाच्या सभागृहात होती. दादा भाषणाला उठला. आधी त्याने चष्मा पुसला, मग कागदाची घडी सरळ केली, मग घसा खाकरला. दादा कृषी महाविद्यालयात पशुसंवर्धन शिकवतो. गाय कशी सांभाळावी यावर त्याची दोन पुस्तकं आहेत. जन्मात त्याने कधी धार काढलेली नाही. लहानपणी शेणाच्या वासाने त्याचं डोकं दुखायचं, म्हणून त्याला गोठ्याची कायमची माफी होती.

"आमची आई," दादा वाचू लागला, "सोशिकपणाचा पुतळा होती. बेचाळीस वर्षं तिने या घरासाठी हाडाची काडं केली. पण तिच्या तोंडून तक्रारीचा एक शब्दसुद्धा कधी कुणी ऐकला नाही."

मला हसू फुटलं. मी पहिल्याच रांगेत होते. तोंडात रुमाल कोंबला तरी खांदे हलायचे थांबेनात. शेजारच्या काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "रड पोरी, मोकळी हो," म्हणाल्या. पलीकडे बाबा इस्त्रीच्या शर्टात बसले होते आणि मान डोलावत होते. खरंय, कधीच नाही.

एक शब्दसुद्धा नाही? आईने बेचाळीस वर्षं दोनच गोष्टी केल्या. काम केलं आणि कुरकुर केली. पहाटे चारला उठली की अंथरुणाची घडी घालता घालता तिचा पट्टा सुरू व्हायचा. पंप गळतोय. चारा कुजलाय. गाई अकरा कशाला, सहा पुरेत, उरलेल्या विकून टाका. गोठ्याची फरशी गुळगुळीत झालीय, कुणीतरी छिन्नीने टाकी मारून ती खरखरीत करून घ्या, नाहीतर एक दिवस मीच पडेन. हे सगळं ती मोठ्याने, स्पष्ट आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायची. आमच्या घरात ते पंख्याच्या घरघरीसारखं होतं. चालू असताना कुणाला ऐकू येत नसे.

बाबा शेतकरी होते. म्हणजे शेत त्यांच्या नावावर होतं. सकाळी आठला आंघोळ करून ते संघाच्या कचेरीत जायचे, बैठकांना बसायचे, संध्याकाळी येऊन "आज फार दमलो" म्हणायचे. एका वर्षी त्यांना आदर्श पशुपालक म्हणून प्रमाणपत्र मिळालं. पेपरवाले फोटो काढायला आले. आईने गाय धुऊन पुसून आणली, दोर धरून उभी राहिली. फोटोवाला म्हणाला, "बाई, जरा बाजूला सरता का?" ती सरली. तो फोटो अजून बैठकीच्या खोलीत आहे. बाबांचा हात गाईच्या पाठीवर, छाती पुढे, आणि गाईच्या गळ्यातला दोर चौकटीच्या बाहेर गेलेला.

मी बारा वर्षांची असताना आई त्याच फरशीवर घसरून पडली. पाय दोन ठिकाणी मोडला. मांडीपर्यंत प्लॅस्टर घालून तिला घरी आणलं आणि बाबांच्या लक्षात आलं की संध्याकाळ झालीय आणि अकरा गाई हंबरतायत.

दादा वसतिगृहात होता, गाईंविषयी शिकत होता. मला धार काढता येत नव्हती. आईने मला मुद्दामच शिकवलं नव्हतं. "एकदा हात बसला की सुटका नाही," म्हणायची. तेव्हा आदर्श पशुपालक स्वतः बादली घेऊन गोठ्यात गेले. पहिल्याच गाईने लाथ मारली, बादली एकीकडे आणि बाबा एकीकडे. दुसरीने दूध वरच चढवलं, थेंब सोडला नाही. तिसरीजवळ ते गेलेच नाहीत.

दोन दिवस हेच चाललं. मग शेजारच्या काकूंनी सांगितलं, "भाऊजी, जनावर वासावर ओळखतं. वहिनींचे कपडे अंगावर घ्या, तुम्हाला जवळ करतील." ही शहाणपणाची गोष्ट होती. वाईट एवढंच की बाबांनी ती ऐकली. आईचा विटका हिरवा स्वेटर त्यांनी कसाबसा अंगात चढवला, तिचा रुमाल डोक्यावरून हनुवटीखाली बांधला आणि खाली मान घालून गाईच्या पोटाशी बसले.

नेमके त्याच वेळी जनावरांचे डॉक्टर आले. दारातूनच म्हणाले, "काय वहिनी, पाय मोडला ऐकलं आणि तुम्ही इथे? साहेब कुठे गेले?"

रुमालाखालून बाबा म्हणाले, "मीच साहेब."

डॉक्टर भला माणूस. हसला नाही. पण बाबांनी त्याला जन्मभर माफ केलं नाही, पुढे डॉक्टरच बदलला. डॉक्टरांनी गाई तपासल्या. दोघींच्या कासा दगडासारख्या झाल्या होत्या. "दूध पुरतं निघत नाहीये," ते म्हणाले. "असंच चाललं तर या दोन हातच्या जातील. ज्याला धार काढता येते त्याला बोलवा."

बाबांनी फार विचार केला नाही. काकूंच्या मदतीने त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची आणली, खुर्चीत आईला बसवलं आणि वरातीसारखी मिरवत गोठ्यात नेली. एखादा गडी रोजाने बोलवावा हे त्यांना सुचलं नाही, कारण गडी परका आणि आई घरची.

"पाय मोडलाय, हात शाबूत आहेत," आई खुर्चीतून म्हणाली. "एवढं बरं लक्षात आलं तुमच्या."

"अगं, दोन दिवसांचा प्रश्न आहे," बाबा म्हणाले.

दोन दिवसांचे सहा आठवडे झाले. प्लॅस्टरचा पाय उपड्या खोक्यावर ठेवून ती दिवसातून दोनदा अकरा गाईंच्या धारा काढायची. कंबर वाकडी, मान वाकडी, आणि तोंड चालू. बाबांचं काम एकच होतं, तिची खुर्ची एका गाईकडून दुसरीकडे ओढायची. तेवढ्यानेही त्यांना धाप लागायची. फरशीवर त्यांनी एक पोतं टाकलं. टाकी काही मारली नाही.

त्या सहा आठवड्यांची गोष्ट बाबा पुढे वर्षानुवर्षं पाहुण्यांना सांगत राहिले. स्वेटर आणि रुमाल त्यातून गळून पडले. "पाय मोडला तरी हिला गाईंशिवाय चैन पडेना," ते सांगायचे. "मी म्हणतोय झोप, आणि ही म्हणते, मला माझ्या लेकरांजवळ न्या."

एकदा आई चहा घेऊन आली तेव्हा नेमकं हे वाक्य चाललं होतं. तिने ट्रे टेबलावर ठेवला. "मला गाई आवडत नाहीत," ती म्हणाली. "कधीच आवडल्या नाहीत. अंगावर धावून आलेल्या आवडत नाहीत आणि गरीब असलेल्याही आवडत नाहीत."

पाहुणे खो खो हसले. बाबाही हसले. "विनोदी आहे फार," म्हणाले.

मला या सगळ्यांचा तिटकारा आला आणि तो मी जपला. शिकले, परिचारिका झाले, दोन तासांवरच्या शहरात नोकरी धरली. मला वाटायचं, मी यांच्यातली नाही. मी तिचं ऐकते. दर रविवारी तिचा फोन यायचा. तिकडून ती सुरू व्हायची आणि इकडे मी फोन खांदा आणि कान यांच्यात धरून कपड्यांच्या घड्या घालायचे. हं. हो ना. अगं बाई. सगळे हुंकार जागच्या जागी. अर्ध्या तासात माझी आठवड्याची कपाटं लागून व्हायची.

गेल्या वर्षी त्या यादीत एक नवीन गोष्ट आली. "उजवीकडे दुखतं गं पोटात. जेवण जात नाही." पंप, चारा आणि फरशी यांच्या मध्ये कुठेतरी तिने ती सांगितली. मी म्हटलं, "वेळेवर खात जा." पुढच्या रविवारी तिने पुन्हा सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. वॉर्डात कुणी पोटावर नुसता हात ठेवला तरी मी चार प्रश्न विचारते. कधीपासून, कुठे, किती, कशाने वाढतं. आईला त्यातला एकही विचारला नाही. सात महिने मी तिला वेळेवर खायला सांगत राहिले.

डोळे पिवळे झाले तेव्हा काकूंनी तिला गाडीत घालून माझ्याकडे आणलं. बाबांना संघाची निवडणूक होती.

आमच्याच दवाखान्यात ती नऊ आठवडे होती. तिथेही तिने कुणाला सोडलं नाही. चादर नीट खोचत नाहीत. गोळ्या दुपारी दोनच्या तीनला देतात. खिडकीची कडी सैल आहे. वॉर्डातल्या नर्स मुली तिला चिडवायच्या, "मावशी, तुम्हीच व्हा आमच्या मेट्रन." पण गोळ्या तीनलाच मिळत होत्या आणि कडी सैलच होती. मी एकेक तपासून पाहिलं. तिची एकही तक्रार खोटी निघाली नाही.

मोठ्या डॉक्टरांनी तिचे कागद बघून मला बाजूला घेतलं. "हे वर्षभराचं दुखणं आहे," ते म्हणाले. "एवढे दिवस बोलल्या नाहीत का कुणाला?"

माझ्या हातात तिची फाईल होती. मी म्हटलं, "नाही, सर. तशी ती तक्रार करणारी नाही."

दादाने निदान हे चारचौघांत, कागदावर लिहून, ती गेल्यानंतर वाचलं. मी ते ती जिवंत असताना, तिच्या पलंगापासून दहा पावलांवर, माझी नोकरीतली अब्रू राखायला म्हटलं. घरात मी बाबांना हसले, दादाला हसले, आणि खोटं बोलायला मात्र त्या दोघांपेक्षा मला कमी वेळ लागला.

सभा संपली. लोकांनी दादाचे हात हातात घेऊन "काय बोललात!" म्हटलं. घरी आल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"ती रोज तक्रार करायची, दादा."

"अगं, ती काय तक्रार?" तो बिस्किट चहात बुडवत म्हणाला. "तो तिचा स्वभाव होता."

"पोटात दुखतं, हा स्वभाव?"

"आता वाद नको. आज तरी नको." त्याने घड्याळ पाहिलं. "हे बघ, गाईंचं मी ठरवलंय. उद्या व्यापारी येतो. बाबांचं तू बघ. माझ्याकडे जागा आहे, पण तुझ्या वहिनीला जमणार नाही. तू काय, नर्स आहेस. तुला सवय आहे."

एवढं बोलून सोशिकपणावरचा कागद खिशात घालून तो गाडीत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याचा ट्रक आला. गाई एकेक करून फळीवरून वर चढल्या. बाबा रुमालाने डोळे टिपत होते. "तिचा जीव होता यांच्यात," म्हणाले. "बघितलं असतं तर तिचं काळीज फाटलं असतं."

"बाबा, गाई विका म्हणून ती दरवर्षी तुमच्या मागे लागायची."

"असं कधी म्हणाली?"

ते मला बनवत नव्हते. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. भांडायला समोर कुणीतरी असावं लागतं. तिथे नुसता इस्त्रीचा शर्ट होता. मी घरात आले.

थोड्या वेळाने ते स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात बॅग होती, रिकामी.

"माझे कपडे भरतेस ना?"

"कुठे जायचंय?"

"तुझ्याकडे. दादा म्हणाला."

"नाही, बाबा. मी नाही नेणार तुम्हाला."

त्यांना आधी ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. बायको गेल्याचं दुःख चार दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर जेवढं दिसलं नव्हतं तेवढं आत्ता दिसलं.

"मग मी जेवू काय?"

"टोपलीत बटाटे आहेत. या, शिकवते."

"मी? या वयात?"

"धडधाकट आहात. निवडणूक लढवलीत की दोन महिन्यांमागे."

सुरी कुठे असते हे त्यांना माहीत नव्हतं. पातेलं कुठलं, शेगडी कशी पेटवायची, मीठ कुठल्या डब्यात, काहीच माहीत नव्हतं. बेचाळीस वर्षं या खोलीत ते दिवसातून तीनदा जेवत आले होते आणि पाहुण्यासारखे प्रत्येक फळीकडे बघत होते. मी खुर्ची ओढून बसले आणि तिथूनच सांगत राहिले. उजवीकडे. त्याच्या खाली. आधी धुवा.

ते उभे राहून बटाटे चिरू लागले. पाठ दुखते म्हणाले. सुरीला धार नाही म्हणाले. खिडकीतून उजेड येत नाही, ओटा बुटका आहे, या वयात मुलगी बापाला असं करते हे कुणी ऐकलं नसेल, असं सगळं म्हणाले. मी घड्या घातल्या नाहीत की हुंकार दिले नाहीत. नुसती बघत राहिले. तिसऱ्या बटाट्याला त्यांनी बोट कापलं आणि ते बोट वर धरून माझ्यासमोर आणलं.

मी उठले. जखम नळाखाली धरली, खोल नाहीये ना पाहिलं, औषध लावलं, पट्टी घट्ट गुंडाळली. ते समाधानाने खुर्चीकडे वळले, पण त्यांच्या आधी मी तिच्यात बसले.

"अजून पाच उरलेत," मी म्हटलं. "चिरा."