सोमारीबाईची रिंग मी गिळली

मित्रांनो, खिडकीजवळच्या टेबलावर फायलींच्या आड काळा फोन दिसतो ना, तो मी. आता जुना झालोय. चारच्या बटणावरचा आकडा पुसून गेलाय, रिसीव्हरची वायर पिळून पिळून आखूड झालीय. पण मला साधासुधा समजू नका हं! मी इंटरनेटवर चालणारा फोन आहे. मला स्क्रीन आहे, आणि अधूनमधून माझ्या पोटात नवं सॉफ्टवेअर घालतात.

आणखी एक सांगून टाकतो. मी स्वभावानं संशयी आहे. माझा जन्म कुठं झाला ते पाठीवरच्या चिकटपट्टीवर छापलंय, पण ती पट्टी खरं बोलते की नाही, कोण जाणे. खोक्यातून काढल्यावर कुणीतरी मला पहिला पासवर्ड दिला, एक-दोन-तीन-चार. असल्या कुलपाच्या घरात राहणाऱ्यानं संशय घ्यायचा नाही तर काय करायचं?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलाला लागून असलेल्या एका वनकार्यालयात मला बसवलं. तिथले बाबू वामनराव रोज सकाळी मला ओल्या फडक्यानं पुसायचे. "आपला फोन म्हणजे एक नंबर," असं आल्यागेल्याला सांगायचे. मला मात्र शंकाच, हा माणूस एवढा लाड काऊन करून राह्यला? नंतर कळलं, त्यांना खरंच कौतुक होतं. तोवर ते सेवानिवृत्त होऊन गेले.

कार्यालयापासून बारा किलोमीटर आत एक लहानसं गाव आहे. मार्च-एप्रिलात मोह गळतो, तेव्हा उजाडता उजाडता सगळं गाव टोपल्या घेऊन झाडाखाली जातं. वाकून फुलं वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही, म्हणून धोका. सोमारीबाईचं काम राखणीचं. गावानंच ते तिला नेमून दिलं होतं. ती बोडीच्या पाळीवर उभी राहायची. त्या तळ्याच्या बांधावरच काय तो मोबाईलच्या रेंजचा एक दांडा येतो. बोलायला जावं तर आवाज तुटतो, रिंग मात्र जाते.

म्हणून वामनरावांनी आणि वनरक्षक सरिताबाईंनी एक रीत पाडली होती. जनावर दिसलं की सोमारीबाईनं दोन रिंगा द्यायच्या आणि कापायचं. पुन्हा दोन रिंगा, पुन्हा कापायचं. उचलायचं कुणी नाही. सरिताबाई तशाच उठून जीप काढायच्या, रस्त्यानं भोंगा वाजवत जायच्या, आणि भोंगा ऐकून माणसं झाडाखालून गावाकडं पळायची. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं. पण मित्रांनो, ही रीत कुठल्याच कागदावर लिहिलेली नव्हती.

खरं सांगू? मला त्या रिंगा आवडत नव्हत्या. बोलायचं नाही तर वाजवता कशाला? ही बाई अशी कुणाला खुणा करते? असले विचार मी करत बसायचो. जीप कशासाठी निघते, ते ठाऊक असूनही.

मग वरोऱ्याहून बदलून गुणवंतराव बाबू आले. माणूस वाईट नव्हता, पण कर्ज घ्या, कार्ड घ्या म्हणणाऱ्या फोननं पार वैतागून गेला होता. यंदा मार्चात मला अपडेट करायला प्रफुल आला. त्याचा लॅपटॉप पाहूनच मला धडकी भरली. सरिताबाई त्या दिवशी गस्तीवर होत्या.

"प्रफुलभाऊ, मिस कॉलनं डोकं पिकून गेलं ना बाप्पा! काई इलाज आहे का?" गुणवंतरावांनी विचारलं.

"आहे ना सर. नवीन व्हर्जनमंदी गाळणी येते. चालू करून देतो."

माझा दिवा लुकलुकला, "वायर काढू नका" असं स्क्रीनवर आलं, मी दोनदा बंद पडून दोनदा जागा झालो. उठलो तेव्हा पोटात नवा नियम होता. कॉल आला की पहिले दहा सेकंद गप्प राहायचं. समोरचा टिकला तरच वाजायचं. आधीच कापला, तर त्याची नोंदसुद्धा ठेवायची नाही. प्रफुलनं मोबाईलवरून फोन लावून, बोलून पाहिलं. आवाज खणखणीत आला. तो चहा पिऊन निघून गेला. मी त्याच्यावर सतरा शंका घेतल्या, पण या नियमावर एकही नाही. उलट बरंच वाटलं मला. बरी जिरली त्या मिस कॉलवालीची!

आठ दिवसांनी, सकाळी सहाला, सोमारीबाईचा कॉल आला. दोन रिंगा. कापला. पुन्हा दोन रिंगा. कापला. सरिताबाई माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसून काल पाहिलेल्या पाऊलखुणा वहीत लिहीत होत्या. मी गप्प राहिलो. स्क्रीनसुद्धा उजळू दिली नाही.

पाळीवर सोमारीबाई जीपची वाट पाहत राहिली. भोंगा येईना, तेव्हा ओरडत स्वतःच धावली. ती पोचायच्या आत वाघानं मोह वेचणाऱ्या जंगूला धरलं होतं. माणसांनी आरडाओरडा केला, वाघ सोडून गेला. जंगू वाचला, पण त्याचा उजवा हात खांद्यापासून फाटला. आता त्या हाताची मूठ वळत नाही.

गावात एकच बोलणं सुरू झालं. रिंग दिली असती तर जीप आली असती, आजवर आली नाही असं झालंच नाही. म्हणजे सोमारी झोपली होती. तिच्या साध्या फोनात शेवटचे दहाच नंबर राहतात. दवाखान्यात आणि नातलगांना फोन लावता लावता ते कधीच पुसले गेले होते. माझ्या यादीत तर काहीच नव्हतं.

दोन आठवड्यांनी ती पायीच कार्यालयात आली. माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबू, मी रिंग देल्ली होती. दोनदा."

गुणवंतरावांनी माझी यादी वरखाली करून पाहिली. "बाई, इथी काईच नाई. तुमी लावला असन, लागला नसन."

"लागला होता! माह्या कानानं आयकलं. गावातले लोकं मले खोटी म्हणतेत. जंगूची बायको माह्या दाराहून तोंड फिरवून जाते. मी काऊन खोटं बोलू?"

सरिताबाई खुर्चीतून उठल्या. "सोमारीबाई, आता इथूनच दे बरं रिंग. तशीच, जशी पाळीवरून देते."

तिनं नंबर दाबला. तिच्या मोबाईलमधून ट्रिंग ट्रिंग ऐकू येत होतं, सगळ्या खोलीला. मी टेबलावर मुका. तिनं कापला. पुन्हा लावला. मी मुका. मग सरिताबाईंनी स्वतःच्या मोबाईलवरून लावला आणि कापलाच नाही. दहा सेकंद झाले आणि मी खच्चून वाजलो. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, मित्रांनो.

सरिताबाईंनी तिथूनच प्रफुलला फोन केला. "सगळं तपासलं होतं मॅडम," तो अडखळत म्हणाला. "बोलून पाह्यलं, आवाज पाह्यला. मिस कॉल देऊन कोन पाह्यते?"

गुणवंतराव सोमारीबाईकडं वळले. "गाळणी मीच लावाले सांगतली होती," ते म्हणाले. "बाई, माफ करजा मले."

"मले माफी नोको," सोमारीबाई म्हणाली. "गावात चाला. जंगूच्या बायकोसमोर सांगा."

ते त्याच दिवशी गेले आणि सगळ्या गावासमोर स्वतःची चूक सांगून आले. प्रफुलनं गाळणी काढली. दोन रिंगांची रीत आता मोठ्या अक्षरांत माझ्या शेजारच्या भिंतीवर चिकटवलीय. जंगूची बायको सोमारीबाईशी बोलू लागली. जंगूचा हात मात्र तसाच राहिला.

मित्रांनो, आमची काळजी घ्या म्हणजे नुसती धूळ पुसा असं मी म्हणत नाही. आमच्यात काही बदललं, तर आधी लांबून आम्हाला हाक मारणाऱ्यांना विचारा, तुमची हाक पोचते का? खोलीत बसून सगळं ठीकच दिसतं.

आता सोमारीबाई रोज सकाळी आधी एक रिंग देते. नुसतं पाहायला, मी वाजतो का ते. सरिताबाई तिला उलट रिंग देतात, तेव्हा कुठं ती माणसांना झाडाखाली सोडते. जन्मभर मी साऱ्या जगावर संशय घेतला. आता ती बाई रोज सकाळी माझ्यावर संशय घेते, आणि तिचं बरोबर आहे.