शेजारची खुर्ची

मित्रांनो, आधी तक्रार सांगते, ओळख मागाहून. हा जो चहावाला माझ्यावर पसरून बसलाय ना, त्याला बसायची रीत नाही. पायावर पाय टाकतो, वरचा पाय सारखा हलवतो, आणि गिऱ्हाईक नसलं की माझ्या पाठीवर डोकं टेकून घोरतो. माझी विणलेली बैठक त्याच्याच भारानं फाटली, तर तिच्यावर फळी ठोकून मोकळा झाला. तेही मी सोसलं असतं. पण हा माणूस माझ्यावर पहिल्यांदा कुठं बसला आणि कुणाच्या जागी बसला, ते मी विसरणार नाही.

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. आज उकळत्या पातेल्याच्या धगीला पडले आहे, म्हणून मला ऐरीगैरी समजू नका. माझ्या सांध्यांत सुतारानं खिळा म्हणून मारला नाही. खाचा केल्या, पाचरी बसवल्या. माझ्यासोबत माझी धाकटी बहीणही घडली, माझ्यासारखीच, फक्त बुटकी. या दोघी कुणाच्या घरी निघाल्या, असं सुताराच्या बायकोनं विचारलं. घरी नाही, मुलांच्या सुधारगृहात, असं तो म्हणाला. गुन्ह्याचा आळ आलेल्या मुलांना जिथं कोंडून ठेवतात, ते सुधारगृह. तिनं घासायचा कागद उचलून त्याच्या हातात दिला. मग म्हणाली, मोठीचे हात आणखी एकदा घासून घ्या, पोरांच्या आयांचे हात पडतील त्यांच्यावर.

आम्हा दोघींना जबाबाच्या खोलीत ठेवलं. काय घडलं ते तिथं मुलानं जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांपुढं सांगायचं असतं. समोर टेबल, पलीकडे साहेब, अलीकडे बहिणीवर मूल, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून मी. पहिल्याच दिवशी एक वकीलबाई आल्या आणि तिथल्या सगळ्यांना उभं करून कायदा समजावून गेल्या. माझं शिक्षण शून्य. पण गोष्ट माझ्याबद्दलची होती, म्हणून शब्दन् शब्द ध्यानात राहिला. मुलाला एकट्याला गाठून काही विचारायचं नाही. त्याचं हक्काचं माणूस शेजारी हवं. वकील मागितला तर द्यायचा. मारायचं नाही, धमकवायचं नाही, मोठ्या कैद्यांत कोंडायचं नाही. मूल गप्प राहिलं तर राहू द्यायचं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "ही खुर्ची रिकामी असेल, तर जबाब नाही."

खोटं कशाला सांगू, मी फुगले. आणि का फुगू नये? त्यानंतरची काही वर्षं माझ्यावर कोण कोण बसलं! नखांत सिमेंट वाळलेला बाप बसला. तान्ह्याला पदराखाली घेऊन थोरली बहीण बसली. एक आजोबा तर बसण्याआधी नातवाला थोबाडीत देऊन मग स्वतःच हुंदके देत बसले. साहेबांचा आवाज चढला की माझ्या हातावरची मूठ आवळायची, आणि साहेबांचा आवाज आपोआप खाली यायचा. बाहेरून पाहायला येणारे पाहुणे माझं कौतुक करून जायचे. आयांच्या मुठींनी माझ्या उजव्या हातावरचं पॉलिश पार उडालं. तोच माझा दागिना.

मग नवे साहेब आले. त्यांना घाई फार. नातेवाईक लांबून येतात, उशिरा येतात, रडतात, वर वकील मागतात, असं त्यांचं गाऱ्हाणं. शेवटी त्यांनी तोड काढली. शेजारी मोठं माणूस पाहिजे ना, मग कुणीही मोठं माणूस बसवलं म्हणजे झालं. फाटकासमोर या चहावाल्याची गाडी होती. दुसऱ्या कुणाला तिथं उभं राहू देत नसत, याला देत. तेवढ्यावर हा मिंधा. चहा घेऊन आत आला की साहेब मानेनं खूण करत, आणि हा माझ्यावर टेकत असे. आज याचा काका, उद्या त्याचा शेजारी, परवा तिसऱ्याच्या आईचा मानलेला भाऊ. एवढ्या पोरांचा काका असलेला आणि एकाही पोराचं नाव ठाऊक नसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. जबाब चालायचा, आणि हा पाय हलवत पेंगायचा.

एके दिवशी एका मुलीला आणलं. पंधरा वर्षांची असेल. एका घरी भांडी घासायची, आणि त्या घरची सोन्याची साखळी नाहीशी झाली होती. तिची आजी धापा टाकत फाटकापाशी आली. एका डोळ्यावर पट्टी. आमच्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं. आजीनं याच चहावाल्याला विचारलं, नातीला आत नेलंय, माझं बोलावणं कधी येईल? यानं तिच्या हातात चहा दिला, "येईल, आजी, बसा," म्हणाला, फडक्याला हात पुसले, आणि आत येऊन माझ्यावर बसला.

मुलगी कितीदा तरी नाही म्हणाली. साखळी गेली त्या दुपारी ती त्या घरी नव्हतीच. आजीच्या डोळ्याची पट्टी बदलायला दवाखान्यात गेली होती. साहेबांनी विचारलं, याला साक्षीला कोण? ती म्हणाली, आजी. बाहेरच असेल, बोलवा ना.

साहेब म्हणाले, बाहेर कुणी नाही.

मित्रांनो, माझ्यावर बसलेल्या या माणसाच्या फडक्यावर आजीला दिलेल्या चहाचा डाग अजून ओला होता. त्यानं तोंड उघडलं नाही. खिडकीतला उजेड उतरला तसे साहेब मऊ झाले. हो म्हण, म्हणजे घरी जाशील. मुलीनं शेजारी पाहिलं. तिला आपलं म्हणायला तेवढा एकच चेहरा होता.

"काका, हो म्हटलं की सोडतील ना?"

"सोडतील," हा म्हणाला. पाय हलायचा थांबला नव्हता.

ती हो म्हणाली. कुणी तिला सोडलं नाही. तिचे केस कापले, आतल्या मुलींच्या दालनात नेलं. आजी भेटीच्या दर दिवशी यायची, आज नाही असं ऐकायची, आणि गाडीपाशी उभी राहायची. हा तिला चहा द्यायचा, मान वर न करता.

पुढं या मुलांचे खटले पाहणाऱ्या न्यायाधीशबाई बदलल्या. नव्या बाई फाटकातून चालत आल्या, तुम्ही कुणासाठी थांबलात म्हणून आजीला विचारलं, आणि तिला सोबत आत घेऊन आल्या. त्या मुलीचा जबाब पुन्हा तपासायचा होता, म्हणून हा माझ्यावर आधीच येऊन बसला होता, केसांना पाणी लावून, काका होऊन. बाईंनी विचारलं, काका म्हणजे नेमके कुठून? वडिलांचा भाऊ, यानं ठोकून दिलं.

आजी उंबऱ्यातच थांबली. "बाई, माझ्या पोटी एकच मुलगा आला, तोही गेला. हा दुसरा मला कधी झाला, ते मलाही कळू द्या."

याचा पाय पहिल्यांदा थांबला. बाईंनी साहेबांकडे पाहिलं, आणि साहेबांनी टेबलाकडे. हक्काचं माणूस शेजारी नसताना घेतलेला जबाब मी मानणार नाही, असं बाई म्हणाल्या. मुलगी त्याच दिवशी घरी गेली. साहेबांची बदली झाली, म्हणजे दुसऱ्या गावच्या पोरांकडे पाठवलं. गाडी फाटकासमोरून रस्त्याच्या पलीकडे आली. साखळी सापडली की नाही, ते सांगायला कुणी आलं नाही. त्या खोलीत चाकांच्या खुर्च्या आल्या. माझ्या बुटक्या बहिणीला बंबात जाळलं. मला अंगणात भिजत टाकलं होतं, ते यानंच मागून आणलं.

म्हणून सांगते, मित्रांनो. कधी तसल्या खोलीत बसायची वेळ आली, तर आधी शेजारच्या खुर्चीत पाहा. चेहरा तुमच्या माणसाचा नसेल, तर तोंड मिटून ठेवा. तो तुमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. आणि मोठ्यांनो, मला तेलपाणी केलं नाही तरी चालेल. माझ्यावर भलता माणूस बसू देऊ नका.

काल आजी आणि ती मुलगी या रस्त्यानं चालल्या होत्या. आजीला धाप लागली, म्हणून थांबल्या. मुलगी बाकडं रिकामं असून बसली नाही. भिंतीला पाठ लावून, हात मागं घेऊन, कुणीतरी बस म्हणेपर्यंत उभी राहिली. आत तेच शिकवलं होतं तिला.

हा धडपडत उठला. कुणासाठी उठताना मी याला पहिल्यांदा पाहिलं. खांद्यावरच्या फडक्यानं मला पुसलं आणि पुढं सरकवलं. "बसा, आजी."

आजीनं माझ्या उजव्या हातावर, पॉलिश उडालेल्या जागी, हात ठेवला. मला वाटलं, आता बसेल. इतक्या वर्षांनी हक्काचं माणूस बसेल. तिनं एकदा भिंतीशी उभ्या नातीकडे पाहिलं आणि हात काढून घेतला.

"मी बाहेर आहे, एवढं सांगायला उठायचं होतंस. तेव्हा उठला नाहीस. आता माझ्यासाठी उठू नकोस. बस तिथंच."