बोलक्या झाडाची मागची बाजू

झाड सकाळी आठला बोलायला लागायचं आणि बारा ते एक जेवणाची सुट्टी घ्यायचं.

रांग मात्र सहापासून. सान फेर्मिन गावातली निम्मी माणसं लाकूड सहकारी संस्थेत कामाला, आणि उरलेली निम्मी तिथं काम मिळावं म्हणून झाडासमोर. पेतेनच्या जंगलात आणखी करणार काय? झाडं मोजायची, झाडं तोडायची, नाहीतर झाडाला विचारायचं.

झाड महोगनीचं, चार माणसांच्या कवेत न मावणारं. खोडावर सात वर्षांपूर्वीच्या वृक्षगणनेचा पत्र्याचा बिल्ला, त्याखाली निळ्या रंगात एकच अक्षर : H. आणि अक्षराखाली सेनोब्यो बुवा. बुवा गेल्या वर्षी टकलावर केस उगवायचं तेल विकायचे. स्वतःची टोपी मात्र कधी काढायचे नाहीत.

“बघा, बंधूंनो, एच!” बुवा ओरडायचे. “एच म्हणजे काय? आब्ला! बोलतं! झाडानं स्वतःच्या अंगावर स्वतःच लिहून घेतलंय!”

आमच्या स्पॅनिशमध्ये ‘बोलतं’ला ‘आब्ला’ म्हणतात. लिहिताना पुढं एच लावतात, पण तो उच्चारत नाहीत. म्हणजे बोलक्या झाडाचा पुरावा म्हणून बुवांनी आख्ख्या वर्णमालेतलं मुकं अक्षर निवडलं होतं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

झाडाचे नियम तीन. हात लावायचा नाही. ठोकायचं नाही. मागं फिरकायचं नाही. “मागं झाडाचा आत्मा उघडा बसतो,” बुवा सांगायचे, आणि बायका पदर सावरावा तशा शाली सावरायच्या.

एउलालिया मावशींनी आपल्या निळ्या डब्यात नैवेद्याचे तामाले, कणसाच्या सालीत वाफवलेले मक्याचे उंडे, ठेवून विचारलं, “झाडबाबा, धाकट्याला लाकडाच्या गिरणीत लावू का मध गोळा करायला पाठवू?”

खोडातून घोगरा आवाज आला, “गिरणीत… रिगोबेर्तोच्या हाताखाली…”

कुणी काहीही विचारलं तरी उत्तर बहुतेक वेळा फिरून रिगोबेर्तोवर यायचं. रिगोबेर्तो म्हणजे बुवांचा भाचा. वय अठ्ठावीस, अनुभव आराम. झाड बोलायला लागल्यापासून तो कुणाला दिसला नव्हता. ‘उपासाला बसलाय,’ असं बुवा म्हणायचे.

मीही गंमत म्हणून विचारलं, “मी ओव्हिदिओ. पुढं काय करू?” झाड म्हणालं, “दातांचा डॉक्टर हो.” त्यानंतर आठवडाभर मी येणाऱ्याजाणाऱ्याच्या दाढा मोजल्या. तेही गंमत म्हणूनच.

गंमत संपली ती गणनाप्रमुखाच्या जागेवरून. म्हाताऱ्या माकारिओकाकांचे गुडघे गेले होते आणि रविवारच्या सभेत नवा प्रमुख निवडायचा होता. ती जागा देल्फिनाची, हे दगडालाही कळलं असतं. पाच हंगाम तिनं माझ्याबरोबर गणनेत घेर मोजायची टेप ओढली होती. मग दोन वर्षं वनशाळेत काढून ती परवाच परतली होती. पण दगडाला कुणी विचारलं नाही. झाडाला विचारलं.

“बाईनं मोजलं… तर जंगल बी धरणार नाही,” झाड म्हणालं. “प्रमुख… रिगोबेर्तो…”

म्हणून सभा झाडासमोरच भरली. देल्फिना चिखलाच्या बुटांनी पुढं आली.

“माकारिओकाका, तो एच मी रंगवलाय. माझ्या पहिल्या हंगामात. एच म्हणजे उएको. पोकळ. पाडायचं नाही, बियाण्यासाठी राखायचं.”

लोक हसले.

“पोकळ तर तुझी वनशाळा, पोरी!” बुवा म्हणाले. “झाडालाच विचारू या.”

झाड म्हणालं, “मी… भरीव आहे…”

भरीव झाडाचा आवाज बराच घुमत होता.

“घेर मोजते,” देल्फिनानं टेप काढली.

“मागं जायचं नाही!” बुवा आडवे झाले.

“अगं, राहू दे ना,” मावशी कळवळल्या. “जागा काय, पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी हे झाड सरपंच झालेलं असेल, मावशी.” ती माकारिओकाकांकडे वळली. “काका, पोकळीचा संशय असला तर करवतीचं टोक पुढूनच खोडात घालून बघायचं. नियम तुमचाच ना?”

“माझाच,” काका म्हणाले. “वीस वर्षांपूर्वीचा.”

“ओव्हिदिओ, माझी यंत्रकरवत दे.”

मी दिली. देताना मला जे दिसलं त्याबद्दल गप्प राहिलो. माझा चेहरा जन्मतःच कोरा आहे, त्याचा उपयोग असा कधीतरी होतो.

तिनं दोरी ओढली. करवत डरकाळली. बुवा ओरडत होते, “शाप! शाप!” ती सरळ त्या निळ्या अक्षराकडे चालत गेली. सहा पावलं. पाच. चार.

“थांब! अगं थांब की बये!” झाड किंचाळलं. “मी आहे! मी रिगो!”

मागच्या बाजूला झावळ्या सळसळल्या आणि रिगोबेर्तो बाहेर पडला. अंगात सदरा नाही, हातात अर्धा तामाल. बुवांचं एक वाक्य खरं निघालं होतं. आत्मा उघडाच बसला होता.

देल्फिनानं करवत बंद करून उंच धरली.

“साखळी कुठंय हिची?”

पात्यावर फिरून कापणारी साखळी नव्हतीच. दातच नसलेलं नुसतं पातं. समोर चाळीस लाकूडतोडे उभे होते, हयात करवतीवर गेलेली माणसं, पण एकालाही ते दिसलं नव्हतं.

“हा माझा चमत्कार,” ती म्हणाली. “तुम्ही आवाजाला घाबरलात, पात्याकडे बघितलंच नाही. बुवांचा धंदाही असाच चालतो.”

बुवा सावरले. “पण त्याला आत बोलावलं कुणी? झाडानंच!”

“तसंही असेल,” मावशी म्हणाल्या.

देल्फिनानं टेपचं टोक त्यांच्या हातात दिलं. “हे धरा, मावशी. चला माझ्याबरोबर.”

टेप धरल्यावर माणसाला फिरावंच लागतं. मावशी फिरल्या. मागं मुळांच्या बेचक्यात माणूस वाकून शिरेल एवढं भोक होतं. आत चटई, पत्र्याचं नरसाळं, आणि नरसाळ्याचं तोंड बिल्ल्याजवळच्या चिरेत बसवलेलं. शेजारी तामाल्यांच्या सालींचा ढीग आणि एक निळा डबा.

“हा माझा डबा!” मावशी म्हणाल्या. त्यानंतर त्यांना झाडाची काही शंका उरली नाही. डबा त्यांनी बुवांच्या टोपीवर हाणला. टोपी पडली. तेलाचीही शंका मिटली.

“मग प्रमुख देल्फिना,” काका म्हणाले.

“अशी नको,” ती म्हणाली. “दयेची नको आणि घाबरून दिलेलीही नको. परीक्षा घ्या, दोघांची. दहा झाडं, कोयत्याची पाठ मारून सांगायचं, पोकळ का भरीव.”

रिगोबेर्तो म्हणाला, “मला हे एकच ठाऊक आहे. तेही आतून.”

देल्फिनानं नऊ सांगितली. काकांनी नऊही खोडांत करवतीचं टोक घालून पाहिलं, नऊही बरोबर. दहाव्या झाडावर तिनं तीनदा पाठ मारली, कान लावला, आणि म्हणाली, “ठाऊक नाही. आधी आत बघावं लागेल.”

काकांनी त्याच उत्तरावर जागा दिली. तीन आठवड्यांत झाड एवढं बोललं, पण ‘ठाऊक नाही’ एकदाही म्हणालं नव्हतं.

आता मी देल्फिनाच्या हाताखाली टेप धरतो, दाढा मोजणं सोडलंय. तुमच्याकडेही काहीतरी बोलत असेल : झाड, दगड, फोटो, नाहीतर टोपीतला माणूस. तो सांगेल, पुढूनच बघा, मागं जाऊ नका. नेमकं तेव्हाच मागं जा. टेप नसली तरी चालेल, पाय पुरतात.